भुईमुगाचा ‘मुईमूग’ होऊ नये म्हणून

वाचकांचे प्रश्न : ठळक, पारंपरिक वळणाची अक्षरं

मराठवाड्यातले छापखाने, डीटीपी सेंटरं आणि पाट्या करणारे कारागीर यांच्याकडून या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच जातीच्या अक्षरांबद्दल आहेत. जाड-बारीक रेघांची, जुन्या वळणाची, ठसठशीत अक्षरं. लग्नपत्रिकेवरचं ‘श्री’, मोंढ्यातल्या आडत दुकानाची पाटी, बियाण्याच्या पिशवीवरचं पिकाचं नाव ही सगळी त्यांचीच कामं. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : बियाण्याच्या विणलेल्या पिशव्यांवर पिकाचं नाव मोठ्या जाड अक्षरात छापून घेतो. संगणकावर ‘भुईमूग’ स्वच्छ दिसतं, पिशवीवर मात्र ‘मुईमूग’ वाचलं जातं. छापणारे फॉन्टला दोष देतात, डिझाइन करणारे शाईला. खरं काय? (जालना)

आधी अक्षराकडे बघू. ‘म’ची शिरोरेषा डावीकडून उजवीकडे सलग जाते. ‘भ’ची डावीकडे तुटते आणि तिथे एक छोटी गाठ येते. या दोन अक्षरांत वाचणाऱ्याला फरक कळतो तो या एका फटीवरून. ‘ध’ आणि ‘घ’चंही तसंच. अक्षर जाड करत गेलं की सगळ्यात आधी आवळली जाते ती ही फट, कारण तिच्या दोन्ही बाजूंच्या रेघा एकमेकींकडे सरकतात.

आता छपाई. पिशवीवर फ्लेक्सोने, म्हणजे मऊ उठावदार प्लेटच्या पद्धतीने, छापताना प्लेट दाबाखाली पसरते आणि शाई कडेच्या बाहेर येते. समजा प्रत्येक कडेला पाव मिलिमीटर शाई पसरली, तर फट दोन्हीकडून मिळून अर्धा मिलिमीटर कमी होते. संगणकावर पाऊण मिलिमीटर दिसणारी फट पिशवीवर पाव मिलिमीटर उरते. त्यात विणीच्या पट्ट्या उंचसखल असतात, त्यांच्या खाचेत शाई साठते आणि उरलेली फटही जाते. म्हणजे फॉन्टने जागा कमी ठेवली आणि छपाईने ती खाल्ली.

दोष नेमका कुठे आहे हे पिशव्या बघूनच ओळखता येतं. पहिल्याच पिशवीपासून फट बंद असेल तर दोष अक्षरात किंवा प्लेटमध्ये आहे. सुरुवातीच्या पिशव्या चांगल्या आणि तासाभराने अक्षरं बुजायला लागली तर शाईतलं सॉल्व्हंट उडून ती दाटली आहे. अशा वेळी बुडाला भोक असलेल्या कपातून शाई गळायला किती सेकंद लागतात यावरून दाटपणा मोजून काम संपेपर्यंत तोच राखायला सांगा. अक्षराच्या कडेला गडद किनार आणि आत फिकट रंग दिसत असेल तर दाब जास्त आहे. प्लेटने पिशवीला नुसतं टेकायला हवं.

अक्षराच्या बाजूने करायचं ते असं. पिशवीवर ज्या मापात येणार त्याच मापात नाव साध्या कागदावर छापा आणि ‘भ’, ‘ध’ यांच्या फटी पट्टीने मोजा. विणलेल्या पिशवीसाठी दीड मिलिमीटरपेक्षा कमी फट ठेवू नका. कमी भरली तर अक्षर कर्व्हमध्ये घेऊन, म्हणजे टाइपचा साधा आकार करून, गाठ डावीकडे सरकवा आणि शिरोरेषेचा तुकडा थोडा आखडता घ्या. अख्खं अक्षर ताणू नका, दांडा म्हणजे उभी रेघ फुगते. त्याच कुटुंबातलं एक पायरी हलकं वजन घेतलं तर अनेकदा एवढं करावंही लागत नाही. ‘एक्स्ट्रा बोल्ड’च्या जागी ‘बोल्ड’ घेतल्याने पिशवी दुरून फिकी दिसत नाही, वाचता मात्र येते.

‘बाजरी’ही तपासा. ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ बुजली की पोट नुसतं काळं दिसतं आणि ‘वाजरी’ होते. ‘ष’ आणि ‘प’ हीसुद्धा अशीच फसवी जोडी आहे.

प्रश्न : इंग्रजीत ‘सेरिफ’ आणि ‘सॅन्स’ असे सरळ दोन भाग आहेत. मराठी अक्षराला सेरिफ असते का? नसेल तर पारंपरिक ठळक मराठी अक्षर म्हणायचं कशाला? (परभणी)

सेरिफ म्हणजे रोमन अक्षराच्या रेघेच्या टोकाला आलेला छोटा आडवा पाय, तो नसलेलं अक्षर सॅन्स. देवनागरीला तो नाही. तिच्या डोक्यावर शिरोरेषा आहे आणि टोकांचा आकार बोरूच्या तिरक्या कापातून येतो. म्हणून देवनागरीत ‘पारंपरिक’ कशाला म्हणायचं हे ठरतं ते बोरूची जाड-बारीक चाल अक्षरात उरली आहे की नाही यावरून.

ही चाल रोमनच्या उलट आहे. रुंद टाकाने काढलेल्या रोमन ‘ओ’मध्ये वरची डावी आणि खालची उजवी बाजू बारीक असते. देवनागरीत बोरूचा काप उलट्या अंगाने, त्यामुळे ‘व’च्या पोटात नेमक्या त्याच बाजू जाड होतात. रोमन अक्षराच्या सवयीने देवनागरी जाड केली की जाडी चुकीच्या जागी पडते आणि अक्षर परकं वाटतं. बाजारातल्या कितीतरी ‘बोल्ड’ फॉन्टचं दुखणं हेच आहे.

रोमनमधल्या ठळक सेरिफ अक्षरांचे ढोबळ तीन प्रकार ओळखता आले तरी मराठी अक्षराशी इंग्रजीची जोडी जमवताना पुरेसं आहे. पहिला फॅट फेस. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये भित्तिपत्रकांसाठी ही अक्षरं आली, दांडे अवाढव्य जाड आणि जोडरेघा केसासारख्या. दुसरा क्लॅरेंडन. लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीत रॉबर्ट बेस्ली यांनी तो १८४५ साली नोंदवला. त्यात जाड-बारीकचा फरक कमी, सेरिफ जाड आणि दांड्याला गोलाईने मिळालेली. साध्या मजकुरात एखादा शब्द उठून दिसावा म्हणून तो बनवला होता, म्हणून लहान मापातही टिकतो. तिसरा गुबगुबीत, गोल टोकांचा प्रकार. ऑझवाल्ड कूपर यांचा १९२२ चा कूपर ब्लॅक त्यातला सगळ्यात ओळखीचा.

देवनागरीत यांना शेजार कोण? फॅट फेसला रोझा वन हा फॉन्ट. त्यात दोन्ही लिप्या आहेत आणि जाड-बारीकचा फरक टोकाचा आहे, म्हणून तो मोठ्या मथळ्यालाच शोभतो. क्लॅरेंडनच्या वळणाला एक्झारचं बोल्ड किंवा एक्स्ट्रा बोल्ड, नाहीतर वेस्पर लिब्रे हेवी. कूपरच्या शेजारी मोदक किंवा बालू बसतो, पण ते पारंपरिक वळण नव्हे. जोडी लावताना दोन्ही लिप्यांची टोकं सारखी आहेत का हे बघू नका. दोन्ही ओळी डोळे बारीक करून बघा, काळेपणा सारखा दिसला की झालं.

मराठी वाचकाच्या डोळ्यांत ‘पारंपरिक’ म्हणून जे वळण बसलं आहे, ते बरंचसं निर्णयसागरचं आहे. जावजी दादाजी यांनी मुंबईत १८६९ साली तो छापखाना काढला. मराठी आणि संस्कृत पुस्तकांतून त्याची अक्षरं घरोघर गेली.

प्रश्न : शब्द निवडून ‘बी’चं बटण दाबलं की काही फॉन्ट छान ठळक होतात, काही नुसते सुजल्यासारखे दिसतात. असं का? (बीड)

जे छान होतात त्यांच्या कुटुंबात वेगळं काढलेलं बोल्ड असतं. जे सुजतात त्यांच्यात ते नसतं, म्हणून सॉफ्टवेअर साध्या अक्षराची कड सगळीकडून सारखी फुगवतं. बारीक रेघही फुगते आणि जाडही, त्यामुळे बोरूची चाल पुसली जाते. शिरोरेषा आणि मात्रा यांमधली जागा आटते, पोटं बुजतात. टिरो देवनागरी मराठीत साधं आणि तिरकं अशी दोनच रूपं आहेत, रोझा वनला एकच वजन आहे. या दोघांवर ते बटण दाबायचंच नाही. एक्झारला पाच वजनं आहेत, मार्टेलला सात, वेस्पर लिब्रेला चार, नोटो सेरिफ देवनागरीला नऊ. हे सगळे मोफत मिळतात आणि व्यावसायिक कामालाही चालतात. वजन फॉन्टच्या यादीतून नावाने निवडा.

कोरल ड्रॉमध्ये अक्षराला त्याच रंगाची आउटलाइन देऊन जाड करायची पद्धत आपल्याकडे सर्रास चालते. आउटलाइन कडेच्या दोन्ही बाजूंना अर्धी-अर्धी पसरते. म्हणजे १ पॉइंटच्या आउटलाइनने पोट डावीकडून अर्धा आणि उजवीकडून अर्धा पॉइंट आत येतं. २४ पॉइंटच्या ‘क’चं पोट २ पॉइंट रुंद असेल तर ते १ पॉइंट उरलं, म्हणजे निम्मं गेलं. अगदीच इलाज नसेल तर पाव पॉइंटवर थांबा.

आणखी एक. वर्ड आणि लिबर ऑफिसमध्ये देवनागरीचा फॉन्ट आणि रोमनचा फॉन्ट वेगवेगळ्या खणांत ठरवतात. तुम्ही रोमनचा खण बदलत असाल तर मराठी ओळ हलणारच नाही.

प्रश्न : लग्नपत्रिकेवर सोनेरी फॉइलने नावं छापतो. जाड-बारीक अक्षरांच्या बारीक रेघा मध्येच तुटतात. (धाराशिव)

हिशेब करून बघा. फॉन्ट बहुधा १००० भागांच्या चौकटीत काढलेला असतो. त्यातली सगळ्यात बारीक रेघ २० भागांची आहे असं धरू. १४ पॉइंटमध्ये ती ०.२८ पॉइंट, म्हणजे जेमतेम ०.१ मिलिमीटर. एवढ्या रेघेला फॉइल सलग चिकटत नाही, आणि कागद खरबरीत असेल तर मुळीच नाही. ०.२५ मिलिमीटर ही खालची मर्यादा धरून चाला. याच फॉन्टमध्ये ती ३६ पॉइंटला गाठली जाते. म्हणून वधूवरांची नावं ३६ च्या वर अशा अक्षरांत घ्या. मुहूर्त, स्थळ, निमंत्रक हे सगळं कमी फरकाच्या अक्षरांत, आणि लांबलचक निमंत्रक यादी ठळक तर करूच नका. पन्नास नावं ठळक केली की एकही ठळक राहत नाही.

उलटा दोषही होतो. रेघा टिकतात, पण पोटांत सोनेरी पडदा धरतो. त्याचं कारण उष्णता किंवा दाब जास्त. दोन्ही एकदम कमी करू नका. आधी उष्णता पाच-पाच अंशांनी उतरवा, प्रत्येक वेळी एक पत्रिका काढून बघा, मग दाबाला हात लावा.

पत्रिकांत एक चूक वारंवार दिसते. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजींना आणि ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांना. दुसऱ्या शब्दात चंद्रकोरीसारखा अर्धा ‘र’ हवा. तो ‘ऱ’, हलन्त, मग ‘य’ असा टाइप केला की येतो. काही ठळक फॉन्टमध्ये ही कोर इतकी जाड असते की शिरोरेषेलाच चिकटते. ‘दऱ्या’ आणि ‘तऱ्हा’ हे दोन शब्द मोठे करून बघा, कोर सुटी दिसत नसेल तर फॉन्ट बदला.

प्रश्न : मोंढ्यातल्या दुकानावर नवी पाटी करायची आहे. जुन्या पद्धतीची जाड अक्षरं हवीत, रात्री आतून दिवे हवेत. अक्षरं किती मोठी घ्यावीत? नियम काय आहे? शिवाय बारदानावर मार्का मारायचा पत्रा कसा कापावा? (लातूर)

नियम आधी. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ मध्ये झालेल्या २०२२ च्या सुधारणेनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी लिपीतली मराठी पाटी सक्तीची आहे. दुसऱ्या लिपीत नाव लिहायला मनाई नाही, पण मराठी नाव आधी यायला हवं आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत. इथे एक गोम आहे. संगणकावर दोन्ही ओळी एकाच पॉइंटला ठेवल्या तरी बऱ्याच फॉन्टमध्ये मराठी अक्षराचं अंग इंग्रजी मोठ्या अक्षरापेक्षा बुटकं भरतं. म्हणून शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची पट्टीने मोजा आणि ती इंग्रजी अक्षराच्या उंचीपेक्षा कमी नाही याची खात्री करा. पॉइंटच्या आकड्यावर जाऊ नका.

मापासाठी पाटीवाल्यांचा आडाखा असा की आरामात वाचायला दर १० फुटांना १ इंच उंची लागते. समोरच्या बाजूने ६० फुटांवरून वाचायची असेल तर अक्षराचं अंग ६ इंच. मात्रा, वेलांट्या, रफार वर आणि उकार खाली जातात, त्यांना मिळून जवळजवळ अंगाइतकीच जागा आणखी धरा. ६ इंचांच्या ओळीला पट्टी १२ इंचांची हवी. पट्टी ८ इंचांची करून मग ‘कृष्णमूर्ती’ दाबून बसवल्याने पाट्या बिघडतात. ऋकार पत्र्याच्या कडेला टेकतो, रफार वर कापला जातो.

दिव्यांचं काम करायचं तर बारीक रेघ हीच अडचण. आत बसवायचे बहुतेक एलईडी मॉड्यूल १५ मिलिमीटरच्या आसपास रुंद असतात. अक्षरातली जी रेघ त्याहून अरुंद, तिच्यात दिवा मावत नाही. रात्री जाड दांडे उजळतात, बारीक जोड काळे राहतात आणि अक्षर तुकड्यांत दिसतं. म्हणून फार फरकाचं अक्षर इथे नको. सगळ्यात बारीक रेघही २० ते २५ मिलिमीटर भरेल असं कमी फरकाचं वळण घ्या. शिवाय उजळलेलं अक्षर अंधारात प्रत्यक्षापेक्षा जाड दिसतं, प्रकाश पोटात सांडतो. दिवसा जे वजन बरोबर वाटतं त्याहून एक पायरी हलकं घेतलं की रात्री बरोबर दिसतं.

शिरोरेषेचा इथे फायदा आहे, सगळा शब्द एकाच तुकड्यात कापता येतो. सुटे राहतात ते अनुस्वार, चंद्रबिंदू आणि विसर्ग. ते नुसत्या डिंकावर किंवा दुहेरी टेपवर लावले की उन्हाळ्यात पडतात. प्रत्येक टिंबाला मागून निदान दोन पिना द्यायला सांगा, एकावर ते फिरतं. राऊटरचं पातं ३ मिलिमीटरचं असेल तर त्याहून अरुंद फट कापलीच जात नाही आणि आतले कोपरे गोल होतात, हेही ऑर्डर देताना लक्षात असू द्या.

बारदानावर मार्का मारायच्या पत्र्याबद्दलही तुम्ही विचारलं आहे. स्टेन्सिलमध्ये ‘व’, ‘ब’, ‘घ’ यांची बंद पोटं कापली की गळून पडतात. पोटाला दांड्याशी धरून ठेवणारे पूल ठेवावे लागतात, ३ ते ४ मिलिमीटरचे, आणि तेही रेघ जिथे बारीक आहे तिथे. जाड भागात पूल टाकला तर अक्षर चिरल्यासारखं दिसतं. शिरोरेषेलाही दर अक्षरानंतर पूल द्या, नाहीतर लांब फटीमुळे पत्रा वाकतो आणि रंग खालून पसरतो.

प्रश्न : फ्लेक्सवर ‘हार्दिक शुभेच्छा’ची अक्षरं जिथे एकमेकांना जुळतात तिथे पांढरे ठिपके पडतात. रेडियमवर तर कटर मधूनच कापतो. (हिंगोली)

देवनागरी फॉन्टमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर किंचित चढवलेल्या असतात, म्हणून रेघ सलग दिसते. कर्व्हमध्ये घेतल्यावर ‘कंबाइन’ केलं की जिथे दोन आकार एकमेकांवर येतात तिथे भोक पडतं. तेच तुमचे पांढरे ठिपके. कटर मात्र प्रत्येक आकाराची कड वेगळी कापतो, म्हणून शिरोरेषा प्रत्येक सांध्यावर चिरली जाते. दोन्हीवर उपाय एकच, ‘वेल्ड’. अक्षरं कर्व्हमध्ये घ्या, सगळी निवडा, वेल्ड करा, मग वायरफ्रेममध्ये, म्हणजे नुसत्या कडा दाखवणाऱ्या दृश्यात, बघा. शिरोरेषेला मधेच कापणारी उभी रेघ कुठेही दिसता कामा नये. मूळ टाइप केलेली ओळ बाजूला जपून ठेवा, वेल्डनंतर शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही.

प्रश्न : मथळा पानभर पसरवायला अक्षरांत अंतर वाढवलं तर चालेल? (उदगीर)

नाही. शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे दात पडल्यासारखे दिसतात. शब्दांमधलं अंतर वाढवा, माप वाढवा, नाहीतर मथळा रुंदीपेक्षा लहानच राहू द्या.

प्रश्न : कलाशाखेची विद्यार्थिनी आहे. पारंपरिक वळणाचा ठळक संच स्वतः काढायचा आहे. सुरुवात कुठून करू? (छत्रपती संभाजीनगर)

संगणकापासून नको, बोरूपासून करा. १० मिलिमीटर रुंद टोकाचा बोरू किंवा लाकडी पट्टी तिरकी कापून घ्या. काप ४५ अंशांत धरला की उभी आणि आडवी रेघ दोन्ही साधारण ७ मिलिमीटर येतात आणि खालून डावीकडून वर उजवीकडे जाणारी तिरकी रेघ पूर्ण १० मिलिमीटर. हे तीन आकडे हाताला कळले की जाडी कुठे वाढते ते कुणी सांगायला लागत नाही. साध्या वजनाला अक्षराचं अंग टोकाच्या सहा ते सात पट उंच ठेवा, ठळकला चार ते साडेचार पट. याच बोरूने ४२ मिलिमीटर उंचीचा ‘व’ काढा आणि ग्राफ पेपरवर उतरवा. ‘व’ बसला की त्यातून ‘ब’, ‘क’ निघतात. मग ‘प’, ‘ग’, ‘न’, ‘त’, ‘र’.

आता डोळ्याची दुरुस्ती. मापाने सारखी असलेली आडवी रेघ उभीपेक्षा जाड दिसते. दांडा १०० भाग धरला तर शिरोरेषा ८० ते ८५ ठेवा. पोटाचा जाड भाग दांड्याहून ४-५ भाग जास्त लागतो, कारण गोलाईची जाडी एकाच जागी पूर्ण असते. पोट दांड्याला मिळतं तिथे काळा डाग साचतो, तिथे रेघ थोडी निमुळती करा. ठळक करताना अक्षर रुंद करावंच लागतं. रुंदी तीच ठेवून जाडी वाढवली की सगळी वाढ पोटाच्या जागेतून जाते.

जोडाक्षरं हा खरा कस. फ्लेक्सवर रोज दिसणारं ‘उद्घाटन’ घ्या. ‘द’च्या पायाखाली ‘घ’ येतो, म्हणजे एका अंगाच्या उंचीत दोन अक्षरं. दोन्हींना पूर्ण जाडी दिली तर मधली पांढरी फट नाहीशी होते आणि खाली नुसता काळा गोळा लोंबतो. ‘द’ची शेपूट आखडा, ‘घ’ची उभी रेघ ७५ ते ८० भागांवर आणा, अक्षराला अंगाखाली थोडं उतरू द्या. एवढं करूनही कोंडत असेल तर हलन्ताचा पाय दिसणारं ‘उद्‌घाटन’ हे रूप मोकळं वाचतं, त्यात कमीपणा नाही. ‘महाराष्ट्र’मधला ‘ष्ट्र’, ‘प्रतिष्ठान’मधला ‘ष्ठा’, ‘हार्दिक’मधली वेलांटी आणि रफार यांची एका जागी झालेली गर्दी, हे तीन शब्द नीट बसले तर बाकीचा संच घाबरवत नाही.

‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे काढा. शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी तीच रूपं धरली आहेत. हिंदी वळणाचीही द्यायची असतील तर मराठी भाषेच्या खुणेवर आपोआप मराठी रूप येईल अशी सोय फॉन्टमध्ये ठेवा आणि तपासताना मजकुराची भाषा मराठी केली आहे का ते बघा. वेबपानावर तीच खूण पानाच्या भाषेत द्यावी लागते. ती दिली नाही म्हणून ‘लातूर’ हिंदी ‘ल’ने दिसतं आणि दोष मात्र फॉन्टवर येतो.

प्रश्न : बंद पडलेल्या छापखान्यातून मोठे लाकडी टाइप आणि शिशाचे ठळक खिळे मिळाले आहेत. ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या छपाई यंत्रावर, जत्रेची पत्रकं छापायची आहेत. छापताना मधली अक्षरं फिकी येतात. (नांदेड)

टाइपची उंची ०.९१८ इंच, म्हणजे सुमारे २३.३ मिलिमीटर असायला हवी, लाकडी असो की शिशाचा. झिजलेला टाइप थोडा बुटका झालेला असतो आणि शेजारच्या पूर्ण उंचीच्या टाइपमुळे त्याच्यापर्यंत दाब पोचत नाही. सपाट काचेवर टाइप उभे करून वर पट्टी आडवी ठेवा, बुटके लगेच दिसतात. त्यांच्या बुडाखाली पातळ कागदाचे तुकडे चिकटवून उंची भरून काढा. सगळ्या फर्म्याचा, म्हणजे चौकटीत बसवलेल्या सगळ्या टाइपचा, दाब वाढवू नका, चांगल्या टाइपच्या कडा कागदात घुसतात आणि शिशाच्या खिळ्यांच्या बाहेर झुकलेल्या मात्रा आधी तुटतात.

ठळक अक्षर म्हणजे शाईचं मोठं क्षेत्र. ट्रेडलचे रूळ एका फेरीत ते पुरतं भिजवत नाहीत, म्हणून मधोमध फिकं येतं. छाप घेण्याआधी रूळ दोनदा फिरवा. शाई पातळ करून भागत नाही, ती कडेने पसरते. ताजी पत्रकं एकावर एक रचली तर मागच्या बाजूला डाग उमटतात, दहा-दहाच्या थप्प्या सुट्या पसरून वाळू द्या. मऊ, न चकाकणारा कागद घ्या.

लाकडी टाइप पाण्याने कधी धुऊ नका, फुगतो आणि वाकतो. रॉकेलच्या फडक्याने पुसा, लगेच कोरडा करा, आडवा आणि उन्हापासून दूर ठेवा. शिशाच्या खिळ्यांवर पांढरी भुकटी आली असेल तर ती शिशाची आहे आणि विषारी आहे. फुंकर मारायची नाही, कोरड्या ब्रशने झाडायचं नाही. मास्क लावून ओल्या फडक्याने टिपा, फडकं टाकून द्या, हात साबणाने धुतल्याशिवाय चहाच्या कपाला हात लावू नका. लहान मुलांना त्या खिळ्यांच्या खोक्यांजवळ येऊ देऊ नका.